स्वभाव : गरीब

आमच्या भागात न रडणाऱ्या मुलाला गरीब म्हणतात. पैशाने गरीब नव्हे. एखादं तान्हं पोर टाकलं तिथे पडून राहिलं, कुणीही उचललं तरी भोकाड पसरलं नाही, की बायका म्हणतात, "लय गरीब लेकरू हाये व." ही तारीफ असते आणि ऐकणाऱ्या आईला बरं वाटतं. मी हा शब्द लहानपणापासून ऐकत आले, आणि पुढे नर्स झाल्यावर सरकारी रजिस्टरात शाईने लिहू लागले. या शब्दाने मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं. ती हकीकत लिहून ठेवते.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. आमच्या बदल्या, आमची औषधं, आमचे छापील नमुने, सगळं नागपूरहून यायचं आणि वाटेत कुठेतरी मुक्काम करायचं. मी बुलढाण्याची. वडील कचेरीत कारकून. बाराव्या वर्षी लग्न आणि पंधराव्या वर्षी पांढरं कपाळ, एवढ्यात माझा संसार आटोपला. वडिलांनी हिंमत केली आणि मला नागपूरला नर्सचं शिक्षण घ्यायला धाडलं. त्यापायी निम्म्या नातेवाइकांनी आमच्या घरी येणं सोडलं. आईला त्याचं वाईट वाटे, मला नाही. परत आले ती नर्सबाई होऊन, आणि नेमणूक मिळाली ती सातपुड्याच्या पायथ्याशी, वरवट बकालच्या पुढे बैलगाडीने जावं लागे अशा एका गावच्या दवाखान्यात. गावाचं नाव लिहीत नाही. ज्या घरची ही हकीकत, ती माणसं अजून तिथे आहेत.

दवाखान्यात डॉक्टरसाहेब, एक कंपाउंडर आणि मी. साहेब माणूस सरळ होते, त्यांचा हात हलका होता, पण कुठलीही गोष्ट एका शब्दात बसवून मोकळं व्हायची त्यांना फार घाई. मला त्यांचं हसू यायचं. माझंही तेच चाललं होतं, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

दरवर्षी कापसाची वेचणी सरली, बायकांचे हात जरा मोकळे झाले, की शाळेच्या पटांगणात बाळांचं प्रदर्शन भरवायचं, असा वरून हुकूम होता. आसपासच्या खेड्यांतून बायकांना लेकरं घेऊन बोलवायचं, वजनं-मापं घ्यायची आणि सर्वांत सुदृढ बाळाला तहसीलदारांच्या पत्नीच्या हातून झबलं-टोपडं आणि साबणाची वडी द्यायची. मांडवात असा कल्ला व्हायचा की स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येऊ नये. रजिस्टराच्या छापील नमुन्यात आईचं नाव, वजन, उंची, दात, देवी काढल्या की नाही, पोटात पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली आहे का, एवढे रकाने असत. शेवटी थोडी कोरी जागा उरे. तिथे साहेबांनी हाताने एक रकाना आखून घेतला होता: स्वभाव. लेकरांच्या मनाची त्या काळी आमच्याकडे जी काय तपासणी व्हायची ती एवढीच. मी तो रकाना तीन शब्दांत भागवायचे. गरीब, किरकिरं, द्वाड. चौथ्या शब्दाची गरज मला कधी पडली नव्हती.

त्या वर्षी एका शेतकऱ्याची बायको अकरा महिन्यांचा मुलगा घेऊन आली. बाई पंचविशीच्या आतली असेल. मुलगा गुटगुटीत, गालावर, कपाळावर, तळपायावर काजळाच्या तिटा, गळ्यात काळा दोरा. वजनाच्या झोळीत घातलं की झाडून सगळी पोरं किंचाळतात. हा झोळीत पडून वरच्या बांबूकडे पाहत राहिला. काटा जरासुद्धा हलला नाही. नोकरीत पहिल्यांदाच मी एखादं वजन एका दमात अचूक वाचलं. त्याच्या हनुवटीला सुरेख खळी होती. मी ती बोटाने दाबली, टिचक्या वाजवल्या, तोंडाने काय काय आवाज काढले. तो माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहत होता. रांगेतल्या बायका म्हणाल्या, "काय गरीब लेकरू हाये बाप्पा!" मी रकान्यात गरीब लिहिलं आणि पहिला नंबर त्याला देऊन टाकला.

नंबर पुकारला तशी त्या बाईने पदर ओढून मुलाचं तोंड झाकलं आणि कनात उचलून सरळ निघून गेली. तहसीलदारांच्या पत्नी हातात झबलं घेऊन उभ्याच राहिल्या. मला राग आला. एवढं आपण यांच्यासाठी राबतो आणि यांना साधी रीतभात नाही, असं मनात आलं. मी तेव्हा स्वतःला फार शहाणी समजत होते.

चार दिवसांनी मी ते बक्षीस घेऊन तिच्या घरी गेले. खरं तर बक्षीस हे निमित्त होतं, मला तिला चार शब्द सुनवायचे होते. आवाराच्या तट्ट्याशी पोचले तर आतून तिचा आवाज आला. "काय पाह्यतं माहं सोनं? भूक लागली माह्या राजाले? ये, ये, आता देते हं." इतकं लाडाचं बोलणं होतं की माझा राग तिथेच उतरला. मी आत पाऊल टाकलं. ती बकरीच्या पिल्लाला मांडीवर घेऊन पाला चारत होती. पिल्लाच्या गळ्यात घुंगरू होतं. मुलगा अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गोणपाटावर बसला होता, एकटा.

मी आल्याचं तिला कळलं तशी तिने पिल्लू खाली सोडलं आणि गप्प झाली. पिल्लू उडी मारून निघालं, घुंगरू वाजलं. मुलाने मान वळवली. मी हाक मारली, टाळी वाजवली, माझ्या पिशवीतल्या बाटल्या खळखळवल्या. बाटल्यांना तो वळला, माझ्या हाकेला नाही. मग तिने त्याला उचलून पाजायला घेतलं. तिची नजर समोरच्या कुडावर आणि त्याची तिच्या बांगड्यांवर. पाजून झाल्यावर तिने त्याला परत गोणपाटावर ठेवलं आणि कामाला लागली. तो रडला नाही. हातही पुढे केला नाही.

आमच्या भागात वेचणीच्या दिवसांत काही बायका तान्ह्या पोरांना अफूचा कण चाटवून झाडाखाली निजवीत. मला हा रोग चांगला माहीत होता. त्यामुळे मला तोच दिसला.

मी तिला म्हटलं, "याला अफू देतेस ना? खरं सांग. मी कुणाला सांगणार नाही."

ती म्हणाली, "तीन लेकरं गेले माहे, बाई. एकामागं एक. चौथ्याले मी अफू देईन?"

मी मुलाच्या डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या. अफूच्या नव्हत्या. ओठ, जीभ, नखं, सगळं धडधाकट. मला माफी मागायला हवी होती. ती न मागता मी म्हणाले, "सोमवारी दवाखान्यात घेऊन ये. साहेबांना दाखवू." बक्षिसाचं झबलं तिने घेतलं नाही. "नोको बाई, नवं काही नोको," म्हणाली. मी ते पुन्हा पिशवीत घालून आले.

सोमवारी ती आली, सोबत सासू. साहेबांनी मुलाच्या कानामागे चमचा वाजवला, डोळ्यांपुढून दिवा फिरवला, गुडघ्यावर टिचकी मारली. ऐकू येत होतं, दिसत होतं, पायही उडाला. त्याला उभं केलं तर तो उभा राहिला, बसवलं तर बसला. साहेबांनी तोंडासमोर तोंड नेऊन वेडावून दाखवलं. मुलाने त्यांच्या कोटाच्या बटणाकडे पाहिलं.

"जन्मतः मंद," साहेब मला म्हणाले, रजिस्टरात तेच लिहिलं आणि हात धुवायला गेले.

त्यांचं चूक होतं असं मी म्हणत नाही. त्या दोन शब्दांपलीकडचं काही आम्हांला कुणी शिकवलंच नव्हतं. मी बाहेर येऊन बाकावर बसलेल्या त्या दोघींना सांगितलं. शक्य तेवढं हळू सांगितलं, कारण अशा वेळी बायका ऊर बडवून घेतात हे मी पाहिलेलं होतं.

"मंद म्हनजे कसं, बाई?" तिने विचारलं.

"म्हणजे इतर मुलांसारखी समज यायची नाही. बोलेल की नाही, सांगता येत नाही."

तिचा चेहरा उजळला. दुसरा शब्द मला सापडत नाही, खरोखरच उजळला. ती सासूला म्हणाली, "मंग याले कोनाची नजर लागनार नाई. मंग हे वाचते तं!"

सासूनेही मान डोलावली. मला धक्का बसला आणि मग संताप आला. मी तिला जवळजवळ ओढतच ड्रेसिंगच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि विचारलं की मूल मंद झाल्याचा आनंद होणारी आई कशी असते ते तू मला सांग.

तिने सांगितलं. पहिले दोघे सहा महिन्यांच्या आत गेले. तिसऱ्याच्या वेळी सासूने रीतीप्रमाणे जन्मल्याबरोबर मूल सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, सुईणीने ते ओंजळभर कोंड्याला विकत घेतलं आणि परत यांच्याकडे सांभाळायला दिलं. ज्या घरात लेकरं जगत नाहीत तिथे असं करतात, म्हणजे मूल आपलं राहत नाही आणि जे काही टपून बसलेलं असतं ते फसतं. नावही असंतसंच ठेवतात. तरी तो तिसरा दहाव्या महिन्यात दोन दिवसांच्या तापात गेला.

"थो लय गोड होता, बाई. मी दिवसभर त्याच्या तोंडाकडे पाह्यत बसो. बुढी म्हने, पाहू नोको, पाहू नोको. मायची नजर सगळ्यात वाईट. परक्याची नजर मीठ-मिरच्यांनं उतरते, मायची उतरत नाई. मी ऐकलं नाई. मीच खाल्लं त्याले." ती अगदी शांतपणे बोलत होती. "हा झाला तवा म्या ठरोलं. याच्याकडे पाहाचं नाई. बोलाचं नाई. पाजाचं, न्हाऊ घालाचं, बस. तीट बुढी लावते. घरातही कोनी याले हाका मारत नाई. अकरा महिने झाले, बाई. हा जगून राह्यला."

मी विचारलं, "एकदाही नाही पाहिलंस?"

"पाय पाह्यते. हात पाह्यते. तोंड नाई."

मला एकदम तो गोणपाट आठवला आणि ते पिल्लू. जे बोलणं आत साठत होतं ते बाई कुठेतरी ओतत होती, आणि पोर त्या घुंगराकडे मान वळवायला शिकलं होतं, कारण त्या घरात प्रेमाचा आवाज यायचा तो तिथूनच. साहेबांचा शब्द चुकला होता, माझाही चुकला होता. हे पोर मंदही नव्हतं आणि गरीबही नव्हतं. ते अकरा महिने कुणीतरी आपल्याकडे पाहील म्हणून थांबलं होतं आणि आता त्याने नाद सोडत आणला होता.

आता पुढे काय? तुझी समजूत खोटी आहे, असं तिला सांगणं सोपं होतं. तसं सांगायचा मला पगारच मिळे. पण तिचे तीन गेले होते आणि मी कोण, एक कोरं कपाळ असलेली नोकरदार बाई. उद्या चौथ्याला ताप आला तर मी काय तोंड दाखवणार होते? मी रात्रभर वगैरे विचार केला नाही. तिथेच, कापसाचे बोळे करता करता, मला सुचलं ते बोलून टाकलं.

"हे लेकरू मला विकता?"

सासूला आत बोलावलं. म्हातारी तिखट होती. ती म्हणाली, "एकडाव विकलं होतं तिसरं. काय झालं मंग?"

"सुईण तुमच्याच गावची, तुमच्याच ओट्यावर बसणारी. कोंडा दिला आणि तिथल्या तिथे परत केलं. त्याला काय विकणं म्हणतात? मी परगावची, परजातीची, सरकारी बाई. मी सूपभर ज्वारी देईन. लेकरू माझं. ही फक्त सांभाळणारी. सांभाळणारीची नजर लागते का?"

म्हातारीने बराच विचार केला. "सांभाळनारीची कशी लागंल?" मग बोट उगारून म्हणाली, "पन कागदावर ल्याहा."

मी सांगते, त्या म्हातारीला वकील व्हायला हवं होतं.

दोन दिवसांनी सकाळी मी सूपभर ज्वारी आणि काखेत रजिस्टर घेऊन गेले. सासूने मुलाला दुसऱ्या सुपात घालून आवारातल्या उकिरड्यावर ठेवलं. मुलगा तिथेही निमूट पडून राहिला. मी ज्वारी म्हातारीच्या ओटीत ओतली आणि मुलाला उचललं.

"झालं तुमचं?" म्हातारीने विचारलं.

"झालं माझं."

मग मी रजिस्टर उघडून त्या दोघींसमोर मुलाच्या ओळीत, आईचं नाव या रकान्यात, तिचं नाव खोडून माझं लिहिलं. दोघींना वाचता येत नव्हतं, पण त्यांनी शाई वाळेपर्यंत पाहिलं. मूल मी तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, "हे माझं आहे. नीट सांभाळ. याच्याकडे पाहा, याच्याशी बोल, बकरीशी बोलतेस ते सगळं याच्याशी बोल."

तेवढ्यात सासू म्हणाली, "आन तुमी नोका पाहू, बाई. आता माय तुमी."

मला हसू आलं. मी म्हटलं, बरं, नाही पाहत, मला काय त्याचं. आणि गंमत म्हणून गोठ्याकडे तोंड करून उभी राहिले.

माझ्या मागे बराच वेळ काही आवाज नव्हता. मला वाटलं बाईचा धीर होत नाही. मग तिचा आवाज आला, अगदी बारीक.

"बाई, याच्या हनुवटीले खळी हाये."

मला ती प्रदर्शनाच्या दिवसापासून ठाऊक होती. अकरा महिने अंगावर पाजणाऱ्या बाईला ती त्या दिवशी दिसली. मी गोठ्यातल्या बैलाकडे पाहत राहिले आणि मला हुंदका आला, तो मी खोकल्यावर निभावून नेला.

पुढचं सोपं नव्हतं. ती आता पाहायची, पण मुलगा पाहत नव्हता. ती तोंड समोर नेई, तो मान फिरवी. आठवड्याने ती दवाखान्यात आली ती रडतच. "थो माह्याकडे पाह्यतच नाई, बाई. काऊन पाह्यल? मी कोन हाये त्याची?" मी काट्याकडे पाहत मुलाचं वजन घेतलं. काट्याकडे पाहायला मला निदान कारण तरी होतं. मी सांगितलं की घाई करू नकोस, पिल्लू त्याच्याजवळ बांध आणि तू मधे बस, पिल्लाशी बोलताना बोलता बोलता त्याच्याशी बोल. यातलं काही मी नागपुरात शिकले नव्हते. जे समोर होतं ते जुळवत गेले.

मग एकेक बातमी येऊ लागली. मला बातमीच मिळायची, कारण मी पाहायचं नाही असं ठरलेलं. मुलाने पिल्लाच्या घुंगराला हात घातला. तिने घुंगरू सोडून आपल्या बांगडीत अडकवलं, तर तो बांगडीकडून दंडाकडे आणि दंडाकडून तोंडाकडे पाहू लागला. एके दिवशी ती शेतावर निघाली तेव्हा तो रडला. हे सांगायला ती उन्हातून दवाखान्यापर्यंत चालत आली. "रडला, बाई! माह्यासाठी रडला!" साहेबांना वाटलं मुलाला काहीतरी झालं, ते स्टेथोस्कोप घेऊन बाहेर आले. मी म्हटलं, "काही नाही साहेब, मूल रडलं, एवढंच." साहेबांनी आम्हां दोघींकडे पाहिलं आणि आत गेले. नंतर त्यांनी ते 'मंद' स्वतःच्या हाताने खोडलं. तेवढा मोठेपणा त्यांच्यात होता.

रजिस्टराचं मात्र अंगाशी आलं. नक्कल वर गेली होती. वरून विचारणा आली की दवाखान्यातील नर्स विधवा असताना तिच्या नावे अकरा महिन्यांचा मुलगा दाखल आहे, याचा खुलासा व्हावा. कंपाउंडर आठवडाभर माझ्याकडे पाहून मिशीत हसत होता. साहेबांनी 'लेखनदोष' असं लिहून कळवलं आणि माझं नाव तांबड्या शाईने खोडून तिचं पुन्हा लिहिलं. मला ते करू देण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. ती मात्र दर खेपेला रजिस्टराकडे बोट करून विचारी, "नाव हाये ना, बाई?" मी म्हणे, "आहे." नोकरीत मी खोटं फारसं बोलले नाही. हे एक दर महिन्याला बोलले.

मी त्यानंतर जुनी रजिस्टरं काढून 'गरीब' लिहिलेल्या लेकरांची घरं शोधत हिंडले. बहुतेक पोरं खरोखरच गरीब होती, म्हणजे पोट भरलेली, निवांत, पाहिलं की हसणारी. एक मुलगी मात्र ठार बहिरी निघाली. एकाला अफू मिळत होती. त्यानंतर मी तो शब्द रकान्यात लिहायचं बंद केलं आणि त्या जागी मूल कुणाकडे पाहतं, कुणासाठी रडतं, एवढं लिहू लागले. साहेब म्हणाले, रकाना लहान पडतो. मी म्हटलं, मोठा आखा.

त्या मुलाचं मात्र मी काय लिहिणार? तो कुणाकडे पाहतो हे मला त्याच्या आईकडून ऐकून लिहावं लागे. तो चालू लागला तो मी ऐकला, पैंजणांच्या आवाजावरून. त्याचं पहिलं हसू, पहिला शब्द, सगळं मला पाठमोरं कळलं. एकदा तो माझ्या लुगड्याला धरून उभा राहिला. मी टेबलावरच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत राहिले, सगळ्या पाठ असलेल्या. मला एकदा त्याच्याकडे पाहायचं होतं. फार पाहायचं होतं. माझा नजरेवर विश्वास नव्हता, पण तिचा होता. माझी नजर एकदा वर गेली असती तर ती त्याच दिवशी पुन्हा कुडाकडे तोंड करून बसली असती. अशा वेळी खरं-खोटं कुणी पाहत बसत नाही.

मुलगा साडेतीन वर्षांचा असताना माझी बदली दुसरबीडच्या बाजूला झाली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. मोटार सकाळी सुटायची. साहेब आले होते, कंपाउंडर ट्रंक चढवत होता. ती मुलाला घेऊन आली. तोपर्यंत त्याचं तोंड दिवसभर बंद नसे, अशी तिची तक्रार होती. ते दोघे माझ्यासमोर उभे राहिले. तिने माझ्या हातात भाकरी बांधलेलं फडकं दिलं. मी फडक्याची गाठ पाहिली, तिच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या पायांकडे पाहिलं. अनवाणी होता, बोटांना माती लागलेली.

"नाव हाये ना, बाई?" तिने विचारलं.

"आहे," मी म्हटलं. "ते कुठे जातं?"

मग मी मोटारीत चढले आणि खिडकीशी बसले. खाली त्याचा आवाज आला, मोठा, खणखणीत, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असा.

"माय, थे बाई माह्याकडे काऊन पाह्यत नाई?"

हे त्याच्या लक्षात आलं होतं. ज्या पोराने कधी कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं, त्याला आता न पाहणारं माणूस ओळखू येत होतं. मला एवढंच हवं होतं, आणि ते मला असं मिळालं.

तिने त्याला काय सांगितलं तेही मी ऐकलं. ती म्हणाली, "थे तुही माय हाये, म्हनून."

मोटार सुटली. वळणापर्यंत मी ड्रायव्हरच्या पाठीकडे पाहत होते.